मिस्किटा बाईंच्या रिकाम्या बाटल्या

साकीनाक्याच्या आमच्या लॅबमध्ये मिस्किटा बाईंच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या उजव्या हाताला, एक छोटी बाटली कायम उभी असायची. आत नमुने टिकवायचं फॉर्मलिन, पाण्यासारखं स्वच्छ, आणि दुसरं काही नाही. बाहेर लेबल: बेंजामिन मिस्किटा, वय बावन्न, उजवा डोळा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ती उचलून दिव्यासमोर धरली, आत तुकडा दिसेना म्हणून हलवून पाहिली आणि घाबरून म्हटलं, "बाई, यातला नमुना हरवलाय."

बाईंनी मान वर केली नाही. "हरवला नाही. फेकला. ठेव ती जागेवर."

मी ती जागेवर ठेवली. बेंजामिन म्हणजे बाईंचे यजमान, हे मला दुपारी सावंतकाकांनी सांगितलं. सावंतकाका स्कूटरवरून दवाखान्यादवाखान्यांत फिरून नमुने गोळा करून आणायचे. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असे.

आमची लॅब पहिल्या मजल्यावर होती आणि खाली लेथचा कारखाना. लेथ चालू असलं की सूक्ष्मदर्शकाखालची काच बारीक थरथरायची. एक ते दोन कामगार जेवायला जात, तेव्हा लेथ बंद. अवघड काचा बाई त्या तासासाठी राखून ठेवायच्या. त्यामुळे सगळा इलाखा जेवत असताना बाई काम करायच्या आणि लेथ पुन्हा सुरू झालं की डबा उघडायच्या. उंच, सडपातळ, केस मानेपर्यंत कापलेले, गुडघ्याखाली जाणारा फुलाफुलांचा सुती झगा. मरोळच्या जुन्या गावठाणातलं ख्रिस्ती घर त्यांचं. घरात मराठीच, पण गावठाणाची. लॅबमध्ये त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलत. फार चिडल्या की मात्र 'मला'चं 'माना' व्हायचं. "माना नको शिकवू!" एवढंच ऐकू यायचं, आणि समोरचा गप्प व्हायचा.

"आमच्यात नवरा गेला की वर्षभर काळं घालतात," एकदा त्या मला म्हणाल्या. "मी नाही घातलं. काळं घातलं की लोक समजतात, बाईला दुःख झालंय. आणि वर्षाने काळं उतरलं की समजतात, संपलं."

आमच्याकडे सगळेच नमुने यायचे, पण पॅथॉलॉजिस्ट म्हणून बाईंचं नाव होतं ते डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या कर्करोगांसाठी. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पारदर्शक आवरण असतं, कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये सुटणाऱ्या पापुद्र्याइतकं पातळ. उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात, नाकाच्या बाजूने, त्या पापुद्र्यावर मांस वाढतं. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. कधीतरी नसतं. नुसत्या नजरेने फरक कळेलच असं नाही. काढलेला तुकडा बाटलीत घालून आमच्यासारख्यांकडे पाठवला तरच कळतो. तोही नुसता टाकून चालत नाही. आधी जाड कागदावर पसरायचा, नाकाकडची कड कोणती ते पेन्सिलीने लिहायचं, मग कागदासकट बाटलीत सोडायचा. नाहीतर तो उन्हात विसरलेल्या पापडासारखा वळतो, आणि मग रोग कडेपर्यंत पोचलाय की नाही हे देवालाही सांगता येत नाही. बाई हे फोनवर प्रत्येक डॉक्टरला सांगायच्या. एकाच डॉक्टरला चारचारदा सांगायच्या. "पापड, डॉक्टर, पापड," असं म्हणून फोन ठेवायच्या.

बेनी मिस्किटा शाळेत पी. टी. शिकवायचे. तीस वर्षं मैदानावर, डोक्यावर टोपी नाही. उजव्या डोळ्यात मांस वाढलं तेव्हा शाळेतल्या कुणीतरी मुलुंडचे एक डॉक्टर सुचवले. हात हलका, दवाखाना चकचकीत. त्यांनी ते काढलं आणि तुकडा टेबलाखालच्या बादलीत टाकला. आठ महिन्यांत मांस पुन्हा आलं. पुन्हा काढलं, पुन्हा बादलीत. तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाई त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. तोवर ते डोळ्याच्या मागे उतरलं होतं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी तुकडा तपासला. तो कर्करोग फार क्वचित दिसणारा होता. वरवर साध्या कर्करोगासारखाच, पण त्यात चिकट स्राव करणाऱ्या पेशी लपलेल्या असतात आणि एक वेगळा रंग टाकला तरच त्या लालगुलाबी उमटतात. तो झपाट्याने खोल जातो. बेनींचा डोळा काढला, खोबणीतलं सगळं काढलं, तरी मानेत गाठी आल्या. दीड वर्षात ते गेले.

बाई वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाला, पहिल्या वेळी तो कर्करोगच होता हे सिद्ध कशावरून करायचं? तुकडा तर नाही. पुरावाच बादलीत गेला होता. दवाखान्याच्या कागदावर एवढंच, 'डोळ्यावरचं मांस काढलं.'

त्या दिवसापासून बाईंनी त्या डॉक्टरांचं नाव कधी उच्चारलं नाही. मीही इथे लिहीत नाही. लॅबमध्ये त्यांना 'बादली' म्हणत. "बादलीचा फोन होता?" "बादलीच्या गल्लीत नवा दवाखाना उघडलाय." आणि दर वर्षी, बेनी गेले त्या तारखेला, बाई एका बाटलीत ताजं फॉर्मलिन भरायच्या, स्वतःच्या हाताने लेबल लिहायच्या, तेच नाव, तेच वय, तोच डोळा, आणि ती सावंतकाकांच्या पिशवीत ठेवायच्या.

"बाईनूं, दर वर्सा ही रिकामी बाटली घेवन मी थंय जातंय," सावंतकाका कुरकुरायचे. "माका लाज वाटता."

"तुम्हाला कशाला? ज्याला वाटायला हवी त्याला द्या."

"तो कायच बोलणा नाय. कंपाउंडर घेता आणि ठेवता."

"ठेवू द्या. बाटली आहे, नासत नाही."

बाईंचं एक वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. "दोन डोळे लाल तर साथ. एकच लाल आणि महिने गेले, तर मला दाखवा." त्या बाहेरही हेच बघत हिंडायच्या. अंधेरीच्या बँकेत आम्ही दोघी एका कामाला गेलो होतो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमची सही जुळत नाहीये."

"सही राहू द्या," बाई काचेला नाक लावून म्हणाल्या. "तुमच्या डाव्या पापणीचे केस कुठे गेले?"

"काय?"

"वरच्या पापणीचे. मधले गळलेत. आणि डोळा किती दिवस लाल आहे?"

"झाले असतील सहा-सात महिने. ड्रॉप चालू आहेत ना. तुम्ही कोण?"

रांगेतले लोक ओरडायला लागले. बाईंनी आमचं कार्ड खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाल्या, "ड्रॉप बंद. उद्या तुमच्या डॉक्टरांना सांगा, तुकडा घ्या आणि इथे पाठवा. सही मी पुन्हा करते."

संशय होता पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींच्या कर्करोगाचा. तो महिनोन्‌महिने डोळे आल्याचं सोंग घेतो. चार दिवसांनी तुकडा आला. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा अर्धा भाग बाजूला ठेवून त्यातली चरबी रंगवून पाहायची, असं बाईंनी मला बजावलं होतं. अल्कोहोलमध्ये गेला की चरबी विरघळते, पेशींत नुसती भोकं उरतात. मी अख्खा तुकडा नेहमीप्रमाणे अल्कोहोलमध्ये घातला. सवयीने. दुसऱ्या दिवशी काचेखाली भोकं होती, आणि ती कशाची हे खात्रीने सांगता येत नव्हतं.

मला वाटलं, बाई ओरडतील. त्यांनी पर्स उचलली. "चल, बँकेत जाऊ."

"बाई, मी फोन करते त्यांना."

"फोनवर तोंड दिसत नाही."

काउंटरशी उभं राहून मी सांगितलं, की तुमचा तुकडा पुन्हा घ्यावा लागेल, पुरेसा नव्हता. बाईंनी मागून माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलं. नुसतं एक बोट. मी पुन्हा सुरुवात केली. "तुकडा पुरेसा होता. मी तो चुकीच्या द्रवात घातला. चूक माझी आहे." त्या काउंटरवरच्या बाई रडल्या, मला बोलल्या, भरपूर बोलल्या. मी ऐकलं. दुसरा तुकडा आला, निदान पक्कं झालं, पापणीचा भाग काढला आणि डोळा वाचला. परतीच्या रिक्षात बाई म्हणाल्या, "मेलीस का, वानखडे?"

"नाही."

"मग झालं. तीन शब्द आहेत. तो बादली ते सांगत नाही."

बाईंना काय हवं होतं, ते मला त्या रिक्षात नीट समजलं.

घाटकोपरला उपनगरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची सभा भरायची. एकेकाने एकेक केस दाखवायची. त्या वर्षी बाईंना बोलावणं होतं. दुसऱ्या रांगेत मुलुंडचे डॉक्टर बसले होते, पांढरा शर्ट, मांडीवर फाईल. बाईंनी चार केसेस दाखवल्या. मग म्हणाल्या, "शेवटची. पुरुष, बावन्न वर्षं, उजवा डोळा." पडद्यावर नुसता पांढरा उजेड आला. कोरी काच. बाईंनी छडी घेतली आणि त्या कोऱ्या पडद्यावर जागा दाखवायला लागल्या. "ही नाकाकडची कड. इथे रोग कडेपर्यंत पोचलाय का, पाहा. इथे स्राव करणाऱ्या पेशी आहेत का, पाहा. दिसत नाहीत? दोनदा काढलं, दोनदा बादलीत टाकलं. कोणाला काही विचारायचंय?"

कुणीतरी हसलं, आणि मध्येच थांबलं. दुसऱ्या रांगेतला पांढरा शर्ट फाईल चाळत राहिला. बाई पूर्ण एक मिनिट तिथे उभ्या राहिल्या आणि मग खाली उतरल्या. त्यानंतर मुलुंड-घाटकोपरच्या दवाखान्यांतून आमच्याकडे बाटल्या वाढल्या. सहा महिन्यांनी त्या चकचकीत दवाखान्यातूनही यायला लागल्या. फॉर्म क्वचित, कागदावर पसरलेला तुकडा कधीच नाही. पण येऊ लागल्या.

माझ्या चौथ्या वर्षी एका सकाळी मी सावंतकाकांची पिशवी रिकामी करत होते. एका बाटलीबरोबर फॉर्म नव्हता. आत बोटाच्या नखाएवढा तुकडा, वळलेला. मी लेबल वाचलं आणि ते तसंच रजिस्टरमध्ये लिहायला घेतलं. बेंजामिन मिस्किटा. वय बावन्न. उजवा डोळा. 'डोळा' लिहिताना माझं पेन थांबलं. अक्षर बाईंचं होतं.

मी बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले. खाली लेथ चालू होतं. बाईंनी बाटली हातात घेतली, लेबल पाहिलं, मग आतला तुकडा पाहिला. त्यांचा हात टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीकडे गेला, तशीच, रिकामी. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तो चेहरा आनंदी होता.

"पाठवला त्याने," त्या म्हणाल्या. "ठेवला होता. वानखडे, त्याने ठेवला होता."

त्यांनी बाटली उजेडाकडे नेली, हळूच तिरकी केली. तुकड्याभोवती फिकट लाल रंग पाण्यात पसरला. त्यांचा चेहरा मिटला.

"सात वर्षांपूर्वीच्या तुकड्याला रक्त सुटत नाही," त्या म्हणाल्या. "हा कालचा आहे. बघ, वर दुसरं लेबल होतं." खरंच, बाईंच्या लेबलावर गोंदाचा चौकोन होता. सावंतकाकांच्या पिशवीच्या तळाशी ते ओलं, चुरगळलेलं लेबल सापडलं. शाई पूर्ण धुऊन गेली होती. दवाखान्यातल्या बाटल्या संपल्या असणार, आणि कंपाउंडरने फळीवरची एक फॉर्मलिन भरलेली तयार बाटली घेऊन वर आपलं लेबल चिकटवलं असणार.

त्या दिवशी तुकडा कापायला बाईंनी लेथ थांबायची वाट पाहिली आणि मग दुसऱ्या दिवशीही, काचा तयार झाल्यावर. तुकडा कर्करोगाचा होता. बाईंनी खास रंगही टाकून पाहिला. लालगुलाबी काही नव्हतं. साध्या जातीचा, वेळेवर सापडलेला, पण एका बाजूला कडेपर्यंत आल्यासारखा. थोडं आणखी काढलं तर माणूस बरा होणार होता. फक्त तो माणूस कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही रिक्षाने मुलुंडला गेलो.

डॉक्टर उठून उभे राहिले. "या, मॅडम. फोन करायचा, मीच…"

"परवा डोळ्यावरचं मांस कोणाचं काढलंत? नाव."

कंपाउंडरला बोलावलं, वही आली. जुहूला वाळूत नारळपाणी विकणारा एक माणूस. नंबर होता. बाईंनी डॉक्टरांसमोरच त्याला फोन लावायला लावला, उद्या सकाळी बोलावून घेतलं, रिपोर्ट टेबलावर ठेवला, कुठली कड आणखी काढायची ते बोटाने दाखवलं. तोवर त्या फक्त डॉक्टर होत्या. मग त्यांनी पर्समधून ती बाटली काढून रिपोर्टावर ठेवली.

"आता हे दुसरं नाव. याचा तुकडा कुठे आहे?"

"मॅडम, किती जुनी गोष्ट. तेव्हा कोणीच पाठवत नव्हतं."

"कोणीच म्हणजे कोण? चिमटा कोणाच्या हातात होता?"

"मला वाईट वाटतं हो. खरंच वाटतं."

"वाटू दे. लिहा. दोनदा काढलं, दोन्ही वेळा न तपासता फेकलं. खाली सही."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "लिहिलं तर उद्या तुम्ही तो कागद घेऊन कोर्टात जाल."

"जाईन."

"मग मी कसं लिहू?"

"जाईन म्हणूनच लिहायचं. नाहीतर त्या कागदाला काय अर्थ आहे?"

त्यांनी लिहिलं नाही. निघताना बाईंची नजर आतल्या खोलीतल्या फळीवर गेली. तिथे ओळीने चार बाटल्या होत्या, सगळ्यांवर एकच अक्षर. धूळ नव्हती. कुणीतरी पुसत होतं.

"हे मात्र नाही फेकलंत," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

रिक्षात मी धीर करून विचारलं, "बाई, आपल्या टेबलावरची बाटली? ती कोणासाठी?"

पवई गेली. मग म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमध्ये होते. बेनीने फोन केला, झालं, किरकोळ होतं म्हणाला. मी म्हटलं, बरं, येताना पाव आण. दुसऱ्यांदाही तेच. मी, वानखडे. मी दिवसभर दुसऱ्यांचे तुकडे बघत होते आणि माझ्या माणसाचा तुकडा कुठे गेला, हे विचारलं नाही. ती माझी."

त्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. हृदय थकलं होतं. मातीच्या दिवशी चर्चमध्ये ते डॉक्टर आले नाहीत. अकराव्या दिवशी लॅबमध्ये आले. लेथ बंद होतं, मी बाईंच्या खुर्चीत बसून काचा पाहत होते. म्हातारे दिसत होते. त्यांनी लिफाफा पुढे केला. "त्यांना हवं होतं ते," म्हणाले. "लिहिलंय. सही आहे."

मी कागद उघडला. दोनदा काढलं, दोन्ही वेळा न तपासता फेकलं. सगळं होतं. चूक माझी आहे, असंही होतं. अक्षर सुंदर होतं. मी तो दोनदा वाचला, घडी केली आणि लिफाफ्यात घालून त्यांना परत दिला.

"ठेवा ना," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहू दे."

"आता कोर्टात कोण जाणार?" मी विचारलं.

ते लिफाफा हातात घेऊन उभे राहिले. मला त्यांची दया आली नाही. मी वाट पाहिली, येईल म्हणून, पण आली नाही. ते जिना उतरून गेले. येत्या महिन्यात बेनी गेले ती तारीख आहे, आणि बाटली न्यायची म्हणून सावंतकाकांना मी आधीच सांगून ठेवलंय. यंदा ते कुरकुरले नाहीत.

माझं हे धाडस नव्हे. बाई माझ्याशी शेवटचं बोलल्या ते मरोळच्या घरी, एका रविवारी दुपारी. ओसरीत टेबल मांडून त्या बसल्या होत्या, पाय सुजलेले, श्वास तोकडा. मागच्या फळीवर उन्हाळ्यात कुटलेल्या मसाल्याच्या तपकिरी बाटल्या, प्रत्येकीवर त्यांच्या हाताचं लेबल. पुढ्यात लेबलांची नवी चळत होती. बेंजामिन मिस्किटा, वय बावन्न, उजवा डोळा. बेंजामिन मिस्किटा, वय बावन्न, उजवा डोळा.

"बारा आहेत," त्या म्हणाल्या. "तो एकाहत्तरचा आहे. त्याला साखर आहे, पण जपतो स्वतःला. पुरतील. कमी पडले तर तू लिही."

"बाई, असं काय बोलता."

"ऐक. मी गेले की तो येईल. पंधरा दिवसांच्या आत. कागद घेऊन येईल."

"कशावरून?"

"निदान करायला शिकलीस ना माझ्याकडे? लक्षणं बघ. येईल. वाच, आणि परत दे."

"आणि टेबलावरची?"

"ती माझ्याबरोबर घाल. झग्याच्या खिशात. झाकण घट्ट लाव."

ती मी घातली. झाकण घट्ट लावून.

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी हाक मारून थांबवलं. समोर एक बाटली घेतली, मला दाखवायला. कापडाने काच कोरडी केली, दोनदा, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. मग लेबल लावलं आणि त्याच्या चारी कडांवरून अंगठा हळूहळू दाबत नेला, एकही बुडबुडा राहू न देता.

"हे असं," त्या म्हणाल्या. "परत सुटता कामा नये."